वीतभर

हायड्रोजनची लाट एकवीस सेंटिमीटर लांब असते.
अंगठा आणि करंगळी ताणून मी हात टेबलावर ठेवते:
माझी वीत एकोणीसच भरते.
अण्णांची नेमकी भरायची.

अण्णा वजनमापे निरीक्षक, जिल्हा परभणी.
खाकी पिशवीत पितळी वजनांची पेटी.
आठवडी बाजाराच्या तोंडाशी ते दिसले की
निम्म्या तागड्या पोत्यांखाली जायच्या.
"काटा जन्मतः खोटा नसतो," म्हणायचे,
"त्याला कुणीतरी शिकवतं."

इथे, चेशरच्या सपाट कुरणात,
आमची थाळी आभाळाकडे आ वासून उभी.
खाली गाई, चिखल, आणि एक पाटी: मोबाइल बंद ठेवा.
सव्वाचार कोटी प्रकाशवर्षांवर दोन दीर्घिका आहेत,
त्यांच्या मधला वायू मी तोलते.
पारडं नाही. आलेखावर एक उंचवटा,
त्याच्याखालचं क्षेत्रफळ,
गुणिले अंतराचा वर्ग.

एकटा अणू कोटीभर वर्षांत एकदा कूस बदलतो.
पण अणू इतके, की तिथे
कुणी ना कुणी कूस बदलतच असतं.
झोपेतली ती चुळबुळ
आम्ही पगार घेऊन ऐकतो.

मार्चमध्ये त्या दोघींच्या मधोमध
एक शेपूट दिसलं, लांबलचक, कुणी न नोंदलेलं.
तीन रात्री मी कुणापाशी बोलले नाही.
चौथ्या रात्री त्यात टिकटिक सापडली,
सेकंदाला एक.
ज्याला कोटी वर्षांची सवय आहे
ते सेकंदाला टिकटिक करत नाही.

विजेचं कुंपण निघालं.
नॉर्मन एंटविसलच्या गोठ्यामागे
ओलं गवत तारेला टेकलेलं,
दर ठोक्याला एक ठिणगी.
मी गमबूट चढवून गेले, नकाशा दाखवला.
तो म्हणाला, "म्हणजे माझ्या गाई तुला आकाशात दिसल्या?"
"गाई नाही. गवत."
काही न बोलता त्याने विळा आणला.

पुन्हा सगळं मोजलं. सहा आठवडे.
शेपटाचा निम्म्याहून जास्त भाग गवताचा होता.
उरलेलं मात्र जाईना.
मी ते घालवायचा फार प्रयत्न केला,
अण्णा दुकानदाराच्या खऱ्या काट्यावर करायचे तसा.

जुलैत नॉर्मनने मला गूसबेरीच्या स्पर्धेला नेलं.
गावच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत नाजूक तराजू,
आणि पेनीवेट, ग्रेन असली मापं,
जी अण्णांनी जागच्या जागी जप्त केली असती.
लिंबाएवढ्या एकेका फळापुढे
अख्खं गाव श्वास धरून.
नॉर्मन दीड ग्रेनने हरला.
त्याची खरी मोठी आदल्या रात्रीच्या पावसाने फुटली होती,
आणि फुटलेली इथे तोलत नाहीत.

बिअरचा ग्लास पुसत त्याने विचारलं,
"तुझं किती भरलं?"
"चाळीस कोटी सूर्य," मी म्हटलं.
"अधिक-उणे नऊ कोटी."
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.
"नऊ कोटी सूर्य इकडे की तिकडे,
हेच तुला ठाऊक नाही?"
"नाही."
"आमच्याकडे तुला तिसरं बक्षीससुद्धा मिळणार नाही."

अण्णांच्या पेटीच्या झाकणाला आतून
एक तक्ता चिकटवलेला असे:
किलोमागे किती तूट चालेल, पावकिलोमागे किती.
तक्ता फाटला तेव्हा नवा येईपर्यंत
आठ दिवस त्यांनी पेटी उघडली नव्हती.
साहेब चिडले. अण्णांनी बाजारात जाऊन
नुसती वांगी आणली.

शोधनिबंध काल रात्री पाठवला.
त्यात तूट कशी काढली याची अकरा पानं आहेत,
वजनाची एक ओळ.
थाळी आता दुसऱ्या कुणासाठी दुसरीकडे वळली आहे,
कण्हत, पाव अंश पाव अंश.

खिडकीतून कुंपणाची बाजू दिसते.
गवत पुन्हा गुडघाभर झालंय.
उद्या नॉर्मनला सांगायला हवं.